मुंबईहून काठमांडूला : नोकरीसाठी कुटुंबासह नेपाळला जाताना करावयाची तयारी

शेजारच्या देशात नोकरी मिळाली आणि तो देश नेपाळ असला, तर मुंबईतल्या घरात पहिली प्रतिक्रिया निर्धास्तपणाची असते. व्हिसा लागत नाही, विमान तीन तासांच्या आत पोहोचते, लिपी देवनागरी आहे, देव ओळखीचे आहेत, तेव्हा चार बॅगा भरल्या की झाले, असे वाटते. आखातात किंवा सिंगापूरला जाणाऱ्या कुटुंबाकडून तिथली व्हिसा-परवान्याची यंत्रणा प्रत्येक कागद आधीच मागून घेते, त्यामुळे त्यांची तयारी आपोआप पूर्ण होते. नेपाळच्या बाबतीत दारावर अडवणारे कोणी नसते, आणि नेमक्या याच कारणाने कागद, पैसा, शाळा आणि घर यांतील उणिवा तिथे पोहोचल्यानंतर एकेक करून उघड्या पडतात. म्हणून ही शिस्त कुटुंबाने स्वतःच स्वतःला लावून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

होकार कळवण्यापूर्वी नियुक्तीपत्र तपासा

नियुक्तीपत्रातला वेतनाचा आकडा कोणत्या रुपयांत आहे, हे सर्वांत आधी विचारावे. नेपाळी रुपयाचा भारतीय रुपयाशी असलेला दर १९९३ पासून निश्चित आहे : १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. त्यामुळे दरमहा दोन लाख नेपाळी रुपये म्हणजे आपले सव्वा लाख. तिथे बोलताना लोक ‘आयसी’ आणि ‘एनसी’ असा फरक करतात आणि लिहिताना ‘भारू’ व ‘नेरू’ असे लिहितात. पत्रात नुसते ‘रु.’ असेल, तर ते दुरुस्त करून घ्यावे. मुंबईतील गृहकर्जाचा हप्ता, आईवडिलांना पाठवायचे पैसे आणि विम्याचे हप्ते भारतीय रुपयांतच जाणार असल्यामुळे संपूर्ण हिशेब एकदा दोन्ही चलनांत शेजारी शेजारी मांडून पाहणे आवश्यक आहे.

दुसरा प्रश्न काम करण्याच्या परवानगीचा. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात ये-जा, वास्तव्य आणि व्यापार यांबाबत सवलती मिळतात. मात्र नोकरीचे नाते नेपाळच्या कामगार कायद्याखाली येते आणि त्या कायद्यात परदेशी कामगारांसाठी श्रम स्वीकृतीची, म्हणजे कामाच्या परवान्याची, तरतूद आहे. आपली नेमणूक कोणत्या आधारावर होत आहे, श्रम विभागाकडे कोणती नोंद करावी लागेल, ती कोण करेल आणि तिचा खर्च कोण सोसेल, याचे उत्तर कंपनीकडून लेखी घ्यावे. ‘भारतीयांना काही लागत नाही’ हे तोंडी उत्तर पुरेसे मानू नये, कारण पुढे बँक, करकार्यालय आणि शाळा या तिन्ही ठिकाणी हेच कागद उपयोगी पडतात.

वेतनाची रचनाही समजून घ्यावी. सामाजिक सुरक्षा कोषात नोंदलेल्या आस्थापनांत मूळ वेतनाच्या ११ टक्के कर्मचाऱ्याकडून आणि २० टक्के मालकाकडून जमा होतात, म्हणजे एकूण ३१ टक्के. परदेशी कर्मचाऱ्याच्या बाबतीत कंपनी हे कसे लागू करते आणि नोकरी सोडताना ती रक्कम कशी परत मिळते, हे आताच विचारावे. दरवर्षी एका महिन्याच्या मूळ वेतनाइतका सणखर्च देण्याची तरतूद कायद्यात आहे आणि तो बहुधा दशैंच्या (तिथल्या दसऱ्याच्या) आधी मिळतो. कंपनी ‘बोनस’ म्हणून हीच रक्कम दाखवत असेल, तर तो वेगळा लाभ समजू नये. याशिवाय कुटुंबाच्या प्रवासाचा खर्च, सामानाची वाहतूक, वर्षातून एकदा मुंबईला येण्याचे भाडे, मुलांच्या शाळेचे शुल्क आणि सर्वांचा आरोग्यविमा या पाच गोष्टी वाटाघाटीच्या वेळीच मागाव्यात.

कागदपत्रे : मुंबईतच करून ठेवावयाची कामे

विमानाने नेपाळला जाणाऱ्या प्रौढ भारतीय नागरिकाला वैध पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ यांना इतर छायाचित्रयुक्त ओळखपत्रांवरही जाता येते. तरीही माझा सल्ला असा की घरातील प्रत्येकाचे, अगदी तान्ह्या बाळाचेही पारपत्र काढूनच निघावे. मतदार ओळखपत्रावर सीमा ओलांडता येते, परंतु परदेशात राहताना ओळख सिद्ध करण्याचे, दूतावासात नोंद करण्याचे आणि अचानक तिसऱ्या देशात जाण्याची वेळ आल्यास उपयोगी पडण्याचे काम पारपत्रच करते.

मराठी कुटुंबांत खरी अडचण नावांची येते. आपल्याकडे आधारवर नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन शब्द असतात, पारपत्रावर मधले नाव कधी पहिल्या रकान्यात जाते तर कधी गळते, पत्नीच्या पदवीवर माहेरचे आडनाव असते आणि मुलाच्या शाळेतील नोंदीत एखादे अक्षर वेगळे असते. महाराष्ट्रात हे सगळे एकाच व्यक्तीचे कागद आहेत हे समोरच्या कारकुनाला सांगावे लागत नाही, परंतु काठमांडूतील बँकेच्या खिडकीवर ते सिद्ध करून द्यावे लागते. त्यामुळे कुटुंबातील प्रत्येकाच्या पारपत्रावरील नावाला प्रमाण मानून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवावेत आणि जिथे दुरुस्ती शक्य नाही तिथे ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे नोटरीकृत प्रतिज्ञापत्र सोबत ठेवावे. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून मिळालेल्या जन्मदाखल्यावर बाळाचे नाव घातलेले आहे का, हेही पाहावे. जन्माच्या वेळी घाईने घेतलेल्या दाखल्यांत नावाचा रकाना कोरा राहिलेला असतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र नसेल, तर ते या निमित्ताने करून घ्यावे, कारण पती-पत्नीचे नाते दाखवायला लग्नपत्रिका आणि छायाचित्रे परदेशात चालत नाहीत.

पदवी प्रमाणपत्रांच्या साक्षांकनाची गरज आहे का, हे कंपनीला विचारावे. गरज असल्यास राज्य शासन आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय अशा क्रमाने ते होते आणि काठमांडूहून करून घेणे मुंबईतून करण्यापेक्षा बरेच त्रासाचे ठरते. सर्व मूळ कागद हातातल्या सामानात ठेवावेत आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती घरातील दोन व्यक्तींकडे असाव्यात.

बँक आणि कर : नेपाळचा वेगळा नियम

परदेशी नोकरीला निघालेल्या माणसाला सगळे ओळखीचे लोक ‘बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे रुपया खाते) करून घे’ असे सांगतात. इतर देशांसाठी हे बरोबर आहे. नेपाळ आणि भूतान मात्र याला अपवाद आहेत : रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार या दोन देशांत नोकरीसाठी गेलेल्या व्यक्तीचे भारतातील खाते निवासी खाते म्हणूनच चालू राहते आणि ते एनआरओ करायचे नसते. शाखेतील कर्मचाऱ्यालाही हा अपवाद ठाऊक नसण्याची शक्यता असते, म्हणून अर्ज भरण्याआधी शाखाधिकाऱ्यांशी बोलावे आणि त्यांचे उत्तर ईमेलवर घ्यावे.

प्राप्तिकराचे गणित वेगळे आहे आणि त्याचा खात्याच्या प्रकाराशी संबंध नाही. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ किंवा त्याहून अधिक दिवस राहिला, तर त्या वर्षापुरता तो करासाठी निवासी ठरतो आणि त्याला नेपाळातील वेतनही भारतीय विवरणपत्रात दाखवावे लागते. म्हणजे सप्टेंबरमध्ये निघणे आणि नोव्हेंबरमध्ये निघणे यांत कराच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. नेपाळचे आर्थिक वर्ष श्रावणाच्या पहिल्या तारखेला, म्हणजे जुलैच्या मध्यास सुरू होते आणि तिथे ३६५ दिवसांपैकी १८३ दिवस राहिल्यास निवासी मानतात. दोन्ही देशांची वर्षे अशी एकमेकांवर चढलेली असल्यामुळे पहिल्या वर्षी एकाच उत्पन्नावर दोन्हीकडे कर लागण्याची वेळ येऊ शकते. यासाठी २०११ मध्ये झालेला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, परंतु त्याचा लाभ घ्यायला नेपाळात कर भरल्याचा पुरावा लागतो. पहिल्या वर्षाचे विवरणपत्र सनदी लेखापालाकडूनच भरून घ्यावे, हा खर्च वाया जात नाही.

एक लहान वाटणारी आणि प्रत्यक्षात फार अडवणारी गोष्ट म्हणजे मोबाइल क्रमांक. बँक, आधार, प्राप्तिकर, म्युच्युअल फंड आणि डिमॅट या सर्वांचे ओटीपी मुंबईच्या क्रमांकावर येतात. तो क्रमांक बंद पडला तर काठमांडूत बसून तो पुन्हा मिळवणे जवळजवळ अशक्य होते. कमीत कमी खर्चाचा रोमिंग प्लॅन घेऊन तो चालू ठेवावा, रिचार्जची तारीख घरातील दोघांना माहीत असावी, आणि नेपाळातील रोजच्या वापरासाठी नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचे वेगळे सिम घ्यावे. नेपाळात हँडसेटच्या आयएमईआय क्रमांकाची नोंदणी करण्याची पद्धत आहे, तीही सिम घेतानाच विचारून पूर्ण करावी.

रोख रकमेविषयी सावधगिरी बाळगावी. नेपाळने २०१८ च्या डिसेंबरात १०० रुपयांपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती आणि त्यानंतर या नियमांत बदल होत आले आहेत. प्रवासाच्या आठवड्यातील नियम पाहावा, आणि तो पाहूनही शंभराच्या नोटाच न्याव्यात, म्हणजे वादाला जागा राहत नाही.

मुंबईतील घराची व्यवस्था

स्वतःचा फ्लॅट बंद ठेवायचा की भाड्याने द्यायचा, हा निर्णय निघण्याच्या किमान दोन महिने आधी घ्यावा. भाड्याने दिल्यास लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत असावा, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी आणि सोसायटीला लेखी कळवावे. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटीने आकारायचे ना-वापर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही, हे लक्षात ठेवावे. प्राप्तिकराच्या दृष्टीने आपण अनिवासी झालो, की आपल्याला भाडे देणाऱ्याने त्यातून उगमस्थानी करकपात (टीडीएस) करणे बंधनकारक होते. हे करारापूर्वीच भाडेकरूला सांगितले, तर नंतर कटुता येत नाही.

मुंबईत राहणाऱ्या विश्वासातील एका व्यक्तीच्या नावे मर्यादित अधिकारांचे कुलमुखत्यारपत्र करावे. त्यात भाडेकरार, सोसायटीची कामे, वीज व गॅसची बिले आणि महापालिकेचा मालमत्ता कर एवढेच अधिकार असावेत. घर विकण्याचा अधिकार देऊ नये, मग ती व्यक्ती कितीही जवळची असो.

मुलांची शाळा हे वेळापत्रकाचे खरे मूळ

कुटुंब केव्हा हलवायचे, हे मुलांच्या शाळेवरून ठरवावे, नोकरी रुजू होण्याच्या तारखेवरून ठरवू नये. नोकरी करणाऱ्याने आधी एकट्याने जावे, घर आणि शाळा पाहावी आणि दोन-तीन महिन्यांनी कुटुंबाने यावे, हाच क्रम मला सर्वांत कमी त्रासाचा वाटतो.

महाराष्ट्र राज्य शिक्षण मंडळाच्या शाळांचा निकाल मेच्या सुरुवातीस लागतो आणि नवे वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते. नेपाळात शैक्षणिक वर्ष वैशाखात सुरू होते. तिथला वैशाख सौर असतो, १४ एप्रिलच्या सुमारास तो लागतो आणि त्याच दिवशी विक्रम संवताचे नवे वर्ष सुरू होते. आपल्या पंचांगातील चांद्र वैशाखाशी त्याची गल्लत करू नये. म्हणजे मुंबईत निकाल हाती येण्याआधीच तिथे वर्ग सुरू झालेले असतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच काठमांडूतील शाळांशी बोलणे करावे, प्रवेशचाचणीची तारीख घ्यावी आणि शाळा सोडल्याचा दाखला नंतर देण्याची मुदत लेखी मागून घ्यावी. राज्याबाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या दाखल्यावर शिक्षण निरीक्षक कार्यालयाची प्रतिस्वाक्षरी लागते, त्यासाठी मुंबईतील शाळेला आधीच कल्पना द्यावी.

शाळेची निवड करताना एकच प्रश्न निर्णायक आहे : हे मूल दहावी-बारावी कुठे देणार? दोन-तीन वर्षांत परतायचे असेल, तर सीबीएसई अभ्यासक्रम असलेली शाळा पाहावी. काठमांडूत केंद्रीय विद्यालय आहे, मात्र तिथे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य असते. सीबीएसईशी संलग्न खासगी शाळाही आहेत. नेपाळी मंडळाच्या चांगल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिक्षण उत्तम मिळते, परंतु नेपाळी भाषा आणि तिथले सामाजिक शिक्षण शिकावे लागते. पाचवी-सहावीपर्यंतच्या मराठी मुलाला देवनागरी येत असल्यामुळे नेपाळी भराभर जमते आणि शेजारच्या मुलांशी मैत्रीही त्यातूनच होते. आठवीनंतर मात्र हा बदल करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मूल नववी किंवा अकरावीत असेल, तर ते वर्ष आणि पुढचे परीक्षेचे वर्ष पूर्ण होईपर्यंत एका पालकाने मुंबईत थांबणे हिताचे आहे. भारतीय मंडळाची परीक्षा झालेल्या विद्यार्थ्याला तिथल्या शिक्षणव्यवस्थेत पुढे जायचे असल्यास भक्तपूरजवळील सानोठिमी येथे असलेल्या पाठ्यक्रम विकास केंद्राकडून समकक्षता प्रमाणपत्र घ्यावे लागते.

सामान आणि प्रवास

फर्निचर नेऊ नये. वाहतुकीचा खर्च, सीमेवरील भन्सार (सीमाशुल्क) कार्यालयातील वेळ आणि मोडतोड यांचा विचार केला, तर काठमांडूत वापरलेले किंवा नवे घेणे स्वस्त पडते. विजेचा दाब आपल्यासारखाच असल्यामुळे मिक्सर आणि इस्त्री तिथे चालते. जे न्यायचे त्याची किमतीसह यादी करावी, त्यावर कंपनीचे पत्र जोडावे आणि सीलबंद खोक्यातील नव्या वस्तू टाळाव्यात, कारण त्यांच्यावर शुल्क लागण्याची शक्यता अधिक असते. सोन्याचे दागिने अंगावरच्या थोड्याशा दागिन्यांपलीकडे नेऊ नयेत. मुंबईची गाडी घेऊन जाण्याचा विचार सोडून द्यावा. भारतीय क्रमांकाच्या गाडीला मर्यादित दिवसांची परवानगी मिळते आणि कायम आयातीचे शुल्क अतिशय जास्त आहे.

रेल्वेने जायचे असल्यास लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूर आणि तिथून रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर सुनौली, असा मार्ग आहे. त्यापुढे काठमांडूचा डोंगरी रस्ता अख्खा दिवस खातो, आणि पावसाळ्यात नारायणघाट-मुग्लिन पट्ट्यात दरडी कोसळतात. लहान मुले व वृद्ध सोबत असतील, तर विमानच घ्यावे.

काठमांडूतील घर पाहताना

परदेशी नागरिकाला नेपाळात जमीन-घर विकत घेता येत नाही, त्यामुळे प्रश्न भाड्याचाच आहे. काठमांडूला लागून असलेल्या पाटण शहराकडील सानेपा, झम्सिखेल, भैंसेपाटी आणि काठमांडूतील बालुवाटार, महाराजगंज, बानेश्वर या भागांत नोकरदार कुटुंबे राहतात. शाळेची बस जिथे येते तिथेच घर घ्यावे, कारण रिंग रोडवरील वाहतूक सकाळ-संध्याकाळ तुंबते. जाहिरातीत ‘फ्लॅट’ लिहिलेले असेल, तर तो बहुधा घरमालकाच्या घराचा एक मजला असतो. मालक वरच्या किंवा खालच्या मजल्यावर राहतो. त्यामुळे पाहुणे, रात्री उशिरा येणे, मांसाहार, पाण्याचा वापर याविषयी आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे.

पाण्याची चौकशी सर्वांत बारकाईने करावी. नळाला पाणी किती दिवसांनी येते, बोअरिंग आहे का, त्याचे पाणी लोहयुक्त पिवळसर आहे का, जमिनीखालील टाकी किती लिटरची आहे आणि टँकरचे पैसे कोण देतो, हे सगळे विचारावे. पिण्यासाठी बहुतेक घरांत २० लिटरचा जार येतो. तेही पाणी उकळून किंवा शुद्ध करूनच प्यावे, कारण काठमांडूत विषमज्वर आणि कावीळ यांचा धोका खरा आहे.

दुसरी चौकशी इमारतीच्या मजबुतीची. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने या खोऱ्याची फार मोठी हानी केली. इमारत त्या आधीची असेल, तर खांब आणि तुळयांना तडे गेले होते का, दुरुस्ती कशी झाली, हे विचारावे. नंतरची असेल, तर नगरपालिकेकडून ‘नक्सा पास’ (बांधकाम नकाशाची मंजुरी) आहे का आणि मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवलेले नाहीत ना, हे पाहावे. राहायला गेल्यावर मुलांना घरातील सुरक्षित जागा आणि बाहेर एकत्र येण्याचे मोकळे ठिकाण दाखवून ठेवावे.

तिसरी गोष्ट ऊन. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे, पौष-माघात रात्रीचे तापमान दोन-तीन अंशांपर्यंत उतरते आणि घरांत उष्णतेची सोय नसते. मुंबईच्या माणसाला ही थंडी बाहेरपेक्षा घरात जास्त झोंबते. दक्षिणेकडे तोंड असलेले, दुपारी ऊन येणारे घर थोडे जास्त भाडे देऊनही घ्यावे.

आरोग्य

मुंबईत घेतलेला आरोग्यविमा सहसा भारतातील उपचारांपुरताच असतो. तो बंद करू नये, कारण जुन्या आजारांसाठी पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ त्यात जमा असतो. नेपाळसाठी कंपनीचा वेगळा विमा असावा. निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडून विषमज्वर, हिपॅटायटिस ए (कावीळ) आणि जपानी मेंदूज्वर यांच्या लसींविषयी विचारून घ्यावे. दमा असणाऱ्यांनी अधिक सावध राहावे, कारण हिवाळ्यापासून पहिला पाऊस येईपर्यंत खोऱ्यात धुरकट हवा अडकून राहते. वृद्ध आईवडिलांना कायमचे न्यायचे ठरवण्यापूर्वी त्यांनी एकदा आश्विनात आणि एकदा माघात येऊन राहून पाहावे.

पोहोचल्यानंतरचे पहिले आठवडे

लैनचौर येथील भारतीय दूतावासात कुटुंबाची नोंदणी करावी. नेपाळात राहत असताना बाळाचा जन्म झाला, तर एक वर्षाच्या आत दूतावासात जन्माची नोंद करणे भारतीय नागरिकत्वासाठी आवश्यक आहे. ही मुदत चुकवू नये. त्यानंतर कंपनीमार्फत नेपाळी पॅन आणि बँक खाते काढावे. नेपाळ एसबीआय बँक आणि एव्हरेस्ट बँक यांचे भारतीय बँकांशी असलेले नाते घरी पैसे पाठवताना सोयीचे ठरते. सरकारी अर्जांवर विक्रम संवतातील तारखा लागतात, म्हणून घरातील प्रत्येकाची जन्मतारीख एकदा रूपांतरित करून लिहून ठेवावी आणि सर्वत्र तीच वापरावी.

या धावपळीत घरी राहणाऱ्या जोडीदाराचा विचार मागे पडतो. बहुतेक वेळा ती पत्नी असते आणि तिने मुंबईतली नोकरी सोडलेली असते. नोकरी करणाऱ्याला कार्यालयात माणसे भेटतात, मुलांना शाळेत भेटतात, आणि तिचा दिवस मात्र टँकरवाल्याची वाट पाहण्यात जातो. तिला तिथे काम करायचे असेल, तर तिच्याही परवानगीचा प्रश्न कंपनीशी बोलताना सुरुवातीलाच मांडावा. नेपाळी बोलायला शिकण्यासाठी पहिल्याच महिन्यात शिकवणी लावावी. सांगली जिल्ह्यातील विटा-आटपाडी भागातून सोने-चांदी गलाईच्या (गाळून शुद्ध करण्याच्या) व्यवसायासाठी देशभर गेलेली मराठी कुटुंबे नेपाळातही पोहोचली आहेत. अशा घरांची ओळख काढावी, गोड्या मसाल्यापासून गणपतीच्या मूर्तीपर्यंत काय कुठे मिळते, हे त्यांच्याकडूनच कळते.

शेवटी, परतीचे कागद पहिल्या दिवसापासून जमवत राहावे. दरवर्षीचे करभरणा प्रमाणपत्र, सामाजिक सुरक्षा कोषाचा हिशेब, अनुभवपत्र, मुलांच्या गुणपत्रिका आणि शाळेचे स्थलांतर प्रमाणपत्र यांची एक स्वतंत्र फाईल असावी. नोकरी संपण्याच्या दोन महिने आधी ती फाईल काढून त्यात काय कमी आहे ते पाहावे, कारण कंपनीचे दार एकदा बंद झाले, की राहिलेल्या एका सहीसाठी मुंबईहून पुन्हा काठमांडूला यावे लागते.